शिक्क्याखालची वेळ

दुपारच्या पेपरसाठी ती नेहमीप्रमाणे वेळेआधी पोचली. परीक्षा भवनाच्या व्हरांड्यात शिरताच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पेपरच्या आधी तिथे एक ठरावीक कुजबुज असते. कुणी सनावळ्या पुटपुटत असतं, कुणी ‘मी तर काहीच वाचलं नाही’ असं सांगत सगळं पाठ करून आलेलं असतं. आज तिथे खुर्च्या सरकवल्याचे आवाज होते आणि आत कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघत होतं.

तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पांढरी काठी भिंतीच्या कडेने फिरवत ती मोठ्या सभागृहाशेजारच्या लहान खोलीपाशी गेली. तिथे तिच्यासाठी एक संगणक ठेवलेला असे. प्रश्न कानात ऐकायचे आणि उत्तरं टाइप करायची, अशी तिची परीक्षा व्हायची. आज खोलीला कुलूप होतं.

खुर्च्या लावणाऱ्या माणसाने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि जवळ येऊन सांगितलं की सभागृहात संध्याकाळी सत्कार आहे, म्हणून इतिहासाचा पेपर सकाळीच उरकून घेतला. सूचना परवाच निघाली होती. तिच्या खोलीत बसायला नेमलेल्या बाई सकाळी बराच वेळ वाट बघून, गैरहजर लिहून निघून गेल्या. तो हे सगळं हळू आवाजात सांगत होता, जणू काही त्याचीच चूक होती.

एम.ए.चा तो शेवटचा पेपर होता.

ती पायरीवर बसली आणि फोन काढला. तिचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, पण त्याला वाचता येण्यासारखी अक्षरं असतील तरच. वर्गाच्या गटात ती मागे मागे गेली. परवाच्या संध्याकाळी विद्यापीठाकडून काहीतरी आलेलं होतं. त्यावर बोट ठेवल्यावर फोन म्हणाला, “चित्र.” एवढंच. कागदावर छापायचं, सही-शिक्का करायचा, त्या कागदाचा फोटो काढायचा आणि तो पाठवायचा, ही विद्यापीठाची पद्धत होती. त्याच संध्याकाळी तिने गटात विचारलं होतं, ‘हे कशाचं आहे, कोणी सांगेल का?’ त्याखाली कुणीतरी उत्तरादाखल अंगठा टाकला होता. बाकी सगळे अभ्यासात बुडालेले होते. सत्काराचे फोटो, बागेचे फोटो, पाहुण्यांचे फोटो दिवसभर येतच असत. हाही त्यातलाच असेल, असं तिला वाटलं होतं.

एरवी अशी चित्रं तिची खोलीसोबतीण वाचून दाखवायची. ती रसायनशास्त्र शिकत होती आणि वसतिगृहात तिला रसायनवाली म्हणत. पण तिचे वडील घसरून पडले, हात मोडला, म्हणून ती घाईघाईने घरी गेली होती.

आमच्या गोष्टीतल्या मुलीला मात्र सगळे वकील म्हणायचे. शिकायची इतिहास, पण मेसच्या कंत्राटदाराने भाजीत पाणी वाढवलं की त्याच्याशी भांडायला हीच पुढे, आणि गरम पाणी बंद झालं की अधीक्षिकेच्या दारात हीच उभी. आवाज चढवायची नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची, समोरचा उत्तर देऊन टाकेपर्यंत. लोक तिला टाळायचेही आणि अडचणीत शोधतही यायचे.

ती पायरीवरून उठली आणि तशीच परीक्षा नियंत्रकांच्या कार्यालयात गेली.

नियंत्रक निवृत्तीला आलेले, मऊ आवाजाचे गृहस्थ होते. कडक म्हणून त्यांची ख्याती होती, पण तिला त्यांनी आधी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी नियम वाचून दाखवला. प्रसिद्ध झालेली सूचना सर्व संबंधितांना मिळाली असे मानण्यात येईल. सूचना प्रसिद्ध झाली होती, फलकावर होती, गटांवर होती. सूचना स्पष्ट होती, असंही ते म्हणाले.

“मला ती मिळालेली नाही, सर,” ती म्हणाली.

“मला पटतंय गं. पण कागदोपत्री ती तुला मिळाली आहे.”

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि वाट दाखवली. आजारपणासाठी पुनर्परीक्षेची सोय होती. दवाखान्याचा एक कागद आणायचा, पोटात दुखत होतं असं लिहायचं, ते लगेच मान्य करतील आणि पुढच्या आठवड्यात पेपर होऊन जाईल. निकाल वेळेत लागेल. असं त्यांनी पूर्वीही एक-दोघांसाठी केलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

निकाल वेळेत लागणं तिला फार गरजेचं होतं. दुसऱ्या एका नामांकित विद्यापीठात तिची संशोधनासाठी निवड झाली होती. महिनाअखेरीपर्यंत अंतिम गुणपत्रक दिलं तर जागा तिची, नाही तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याची.

“मी आजारी नव्हते, सर. मी दारात उभी होते.”

“मला माहीत आहे,” नियंत्रक म्हणाले. “विचार कर. घाई नाही, पण फार उशीरही करू नकोस.”

संध्याकाळी तिने आईला फोन केला. आई एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. आयुष्यभर पाळ्या करून तिला मोजकं बोलायची सवय लागली होती. मुलीला दिसत नाही म्हणून तिने कधी हळहळ केली नव्हती. लहानपणी मुलगी धडपडली की आधी ‘लागलं का’ विचारायची आणि लगेच ‘कशाला अडखळलीस ते चाचपून बघ’ म्हणायची.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की पेपर देऊन टाक, भांडण मागाहून. वकील म्हणाली की मागाहून कोण ऐकणार. पोट दुखत होतं असं एकदा लिहून दिलं की प्रकरण तिच्या पोटाचं होतं, विद्यापीठाचं उरत नाही. पुढच्या वर्षी दुसरं कुणी त्याच पायरीवर बसेल. फोनवर मागे आईच्या वॉर्डातली घंटी वाजत होती.

“आमच्याकडे नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच सांगते,” आई म्हणाली. “औषध दिलं असं कागदावर लिहिलं म्हणजे ते रोग्याच्या पोटात गेलं असं नाही. त्याने गिळलेलं बघायचं, मग लिहायचं.” मग म्हणाली, “ठरव तुझं तू. पण जागा गेली तर रडून घे, आणि मला फोन कर. एकटी रडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रसायनवाली परतली. पेपर हुकल्याचं ऐकून तिचाच चेहरा पडला असावा, कारण ती बराच वेळ बॅगेची चेन उघडझाप करत बसली. आपण घरी गेलो नसतो तर, असं तिने सुरू केलं तेव्हा वकिलाने तिला तिथेच अडवलं. वडिलांचा हात मोडल्यावर घरी जायचं नाही तर कधी जायचं? आणि विद्यापीठाची सूचना पोचणं हे तुझ्या घरी जाण्या-न जाण्यावर का अवलंबून असावं?

“बरं, आता ती सूचना तरी वाच,” ती म्हणाली. “निदान कशाने बुडाले ते कळू दे.”

रसायनवालीने वाचायला सुरुवात केली. संदर्भ, विषय, सर्व संबंधितांना कळविण्यात येते की अपरिहार्य कारणास्तव. मग ती थांबली. फोन तिरका केला, चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं.

“अगं, यात वेळच दिसत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे तारीख आहे, विषय आहे, स्थळ आहे. वेळ जिथे लिहिली आहे तिथे नेमका शिक्का बसलाय. जांभळा गोल. खाली ‘स’ असल्यासारखं वाटतंय. सकाळी असेल, संध्याकाळीही असेल.”

वकील उठून उभी राहिली. मग डोळस मुलांना कसं कळलं? दोघी वर्गातल्या मुलींना विचारत फिरल्या तेव्हा उलगडा झाला. सूचना वाचून कुणालाच काही कळलं नव्हतं. एकीने विभागात फोन करून वेळ विचारली, तिने दुसरीला सांगितलं, दुसरीने मेसमध्ये तिसरीला. शिकवणीला जाणारा एक मुलगा त्या साखळीत नव्हता, तो पेपर सुरू झाल्यावर धापा टाकत आला आणि त्याला कसंबसं आत घेतलं. दुसऱ्या देशातून आलेले दोघे तर आदल्या रात्रीपासून हैराण होते. ते सूचनेतली अक्षरं उचलून भाषांतराच्या यंत्रात टाकायचे, पण चित्रातली अक्षरं उचलता येत नव्हती. नशिबाने त्यांच्या शेजारच्या खोलीत एक मराठी मुलगा होता.

म्हणजे सूचना निघाली होती, पण बातमी पोचवली होती ती मुलींच्या तोंडांनी. आणि त्या वेळी वकील खोलीत दार लावून अभ्यास करत होती.

दुपारी ती माहिती कक्षात गेली. विद्यापीठाच्या सगळ्या सूचना तिथून निघत. कक्ष म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली, एक छपाईचं यंत्र, एक स्कॅनर, आणि तिथल्या प्रमुख. त्यांना सगळे माहितीबाई म्हणत. त्या पन्नाशीच्या होत्या. एका बाजूला फोन खांद्यावर धरून दुसऱ्या हाताने कागद लावायची त्यांना सवय होती. बसायला सांगितलं तेव्हाही त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला नाही.

वकिलाने एकच प्रश्न विचारला. सूचना चित्र म्हणूनच का निघतात?

माहितीबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. काही वर्षांपूर्वी सूचना साध्या अक्षरांत जात, असं त्यांनी सांगितलं. मग कुणीतरी गंमत म्हणून हुबेहूब विद्यापीठाच्या भाषेत एक खोटी सूचना लिहून सोडली की पाणीटंचाईमुळे विद्यापीठ आठवडाभर बंद. वसतिगृहं रिकामी झाली. मुलं गाड्या पकडून घरी गेली. एका मुलीची तोंडी परीक्षा बुडाली, ती याच खोलीत येऊन रडली होती. तेव्हापासून हुकूम निघाला की सही-शिक्का दिसल्याशिवाय सूचना जाणार नाही. शिक्का हवा म्हणजे कागद हवा, आणि कागद हवा म्हणजे त्याचा फोटो.

वकिलाला हे कारण ऐकून थोडं नवल वाटलं. ती भांडायच्या तयारीने आली होती आणि समोरच्या बाईचं म्हणणं खोटं नव्हतं.

“पण मॅडम, आधी ती सूचना तुम्ही संगणकावर टाइप करता ना?”

“करतेच की.”

“म्हणजे अक्षरं असतात. मग त्यांचं काय होतं?”

माहितीबाईंच्या बांगड्या थांबल्या. मग त्या म्हणाल्या, “छापून झालं की मी ती पुसून त्याच फाइलवर दुसरी सूचना टाइप करते.”

मग त्या बोलत राहिल्या. अक्षरं पुसली जातात हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, आपलं काम सूचना काढायचं. ती निघाली की काम संपलं. पोचली का, हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं. जे यायचे ते ‘सूचना मिळाली नाही’ म्हणून भांडायला यायचे, आणि त्यांना फलकाकडे बोट दाखवलं की प्रश्न मिटायचा. त्यांना हे बदलायला आवडेल, पण हुकूम कुलसचिवांचा होता. एका सूचनेची अक्षरं जरी त्यांनी परस्पर पाठवली असती तरी खुलासा मागितला असता.

वकील म्हणाली की मग कुलसचिवांकडे जाऊ. माहितीबाई म्हणाल्या, तू जा, तुला भेटतील, विद्यार्थ्यांना ते भेटतात. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मात्र त्यांचं मन बदललेलं होतं.

“मला बोलावलं तर मी येईन,” त्या म्हणाल्या. “आणि जे तुला सांगितलं तेच तिथे सांगेन.”

कुलसचिवांच्या खोलीत गालिचा होता, म्हणून काठीचा आवाज होईना. खोली किती मोठी आहे हे तिला पंख्यावरून आणि त्यांच्या आवाजावरून कळलं. परीक्षा नियंत्रक आलेले होते. माहितीबाईही. रसायनवाली तिच्या शेजारी बसली होती आणि घाबरून तिचा दंड घट्ट धरून होती, इतका की तो दुखायला लागला.

कुलसचिव सभ्य आणि घाईत होते. सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की झालं ते दुर्दैवी आहे, आणि नियंत्रकांनी सुचवलेला मार्ग त्यांना मान्य आहे. शिवाय सूचना नियमाप्रमाणे आणि स्पष्ट दिलेली असल्यामुळे, असं ते पुढे म्हणू लागले.

“सर, ती सूचना कुणी वाचून दाखवेल का मला?” वकिलाने विचारलं. “मी अजून ती पूर्ण ऐकलेली नाही.”

नियंत्रकांनी भल्या मनाने स्वतःचा फोन काढला, चष्मा बदलला आणि वाचू लागले. संदर्भ, विषय, अपरिहार्य कारणास्तव. वेळेपाशी येऊन तेही थांबले. तिला फोन टेबलावर ठेवल्याचा, मग पुन्हा उचलल्याचा आवाज आला. खुर्ची खिडकीकडे वळली.

“सकाळी,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “असावं.”

खोलीत कुणी हसलं नाही. कुलसचिवांनी फोन मागून घेतला आणि स्वतः बघितला. त्यानंतर त्यांच्या आवाजातली घाई गेली.

पुढचं बोलणं बरंच लांबलं. कुलसचिवांचा मुद्दा खरा होता. साधी अक्षरं कुणीही बनवू शकतं, आणि तो पाणीटंचाईचा प्रकार त्यांना पुन्हा नको होता. इथे माहितीबाई बोलल्या. त्या आदल्या दिवसापासून हाच विचार करत बसलेल्या होत्या. सूचनेची अक्षरं विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची, जिथे बाहेरच्या कुणाला काही लिहिता येत नाही. गटांवर तीच अक्षरं पाठवायची आणि खाली लिहायचं की खात्री करायची असेल तर इथे बघा. शिक्क्याचा कागदही सोबत राहू दे, ज्याला हवा तो बघेल. आणि ज्यांच्याकडे बोलणारे फोन नाहीत त्यांच्यासाठी एक क्रमांक, तो फिरवला की त्या दिवसाच्या सूचना ऐकू येतील. सूचना त्या स्वतः वाचून भरतील, जादा माणूस मागणार नाहीत.

कुलसचिव म्हणाले की परीक्षेच्या सूचनांपासून सुरू करून बघू. एवढं झाल्यावर सगळ्यांना वाटलं की बैठक संपली. नियंत्रकांनी पुनर्परीक्षेचा अर्ज पुढे सरकवला आणि रसायनवालीला म्हणाले, तिला भरायला मदत कर, कारणाच्या जागी अस्वास्थ्य लिही.

“ते नका लिहू,” वकील म्हणाली. “कारण असं लिहा की सूचना विद्यार्थिनीला वाचता येईल अशा स्वरूपात दिली गेली नव्हती.”

कुलसचिवांनी उसासा टाकला. हे लिहिणं म्हणजे विद्यापीठाने चूक कबूल करणं, असं त्यांनी समजावून सांगितलं. असं कारण त्यांच्या अधिकारात मंजूर होत नाही, ते परीक्षा समितीपुढे जातं, आणि समिती महिना उलटल्यावर बसते. तिच्या संशोधनाच्या जागेबद्दल त्यांना नियंत्रकांकडून कळलं होतं. ती जागा जाईल, हे त्यांनी न लपवता सांगितलं. आणि समितीने नाही म्हटलं तर वर्षही जाईल.

“शिवाय हे एकदा लिहिलं की उद्या जो तो येईल आणि म्हणेल, मला वाचता आली नाही.”

“ज्याला खरंच वाचता आली नाही त्याने यावंच, सर,” ती म्हणाली. “माझी आई परिचारिका आहे. ती म्हणते, औषध दिलं असं लिहिलं म्हणजे ते रोग्याच्या पोटात गेलं असं नाही. तुमचा नियम म्हणतो, लिहिलं म्हणजे गेलं. तो नियम तसाच राहिला तर आजची ही नवी पद्धत तुमची बदली झाल्यावर कोण पाळेल? माझ्या अर्जावर खरं कारण असेल तर निदान एकदा तरी समितीला त्या नियमावर बोलावं लागेल.”

शेजारी रसायनवालीने तिचा दंड सोडला आणि अर्ज ओढून घेतला. वकिलाने सांगितलेलं कारण तिने शब्दन् शब्द लिहिलं. लिहिताना तिच्या पेनाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

समिती खरोखरच महिना उलटल्यावर बसली. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र आलं. ते साध्या अक्षरांत होतं, फोनने ते खाडखाड वाचून दाखवलं. गुणपत्रक न मिळाल्यामुळे जागा पुढील उमेदवारास देण्यात येत आहे, आपण पुढील वर्षी पुन्हा अर्ज करू शकता. तिने ते पुन्हा ऐकलं, मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. आपण मूर्खपणा केला असं तिला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं. एवढं एक खोटं पोटदुखणं लिहिलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? डोळे धुऊन बाहेर आली तेव्हा तिला आईचं सांगणं आठवलं आणि तिने फोन लावला.

आई दुसऱ्या दिवशी पाळी बदलून आली. आली आणि काही समजूत वगैरे घालत बसली नाही. मुलीच्या पिशवीचा तुटत आलेला पट्टा शिवला, उशीची खोळ धुतली, रसायनवालीच्या वडिलांच्या हाताची चौकशी करून कुठले व्यायाम द्यायचे ते तिला नीट दाखवलं. जाताना फाटकापाशी ती म्हणाली की तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. मग बस आली आणि ती गेली.

समितीच्या बैठकीला विद्यार्थिनीला बसू देत नाहीत, म्हणून आत काय झालं ते तिला माहितीबाईंकडून कळलं. समितीतल्या एकाने विचारलं की एका विद्यार्थिनीसाठी एवढा जुना नियम बदलायचा का. त्यावर माहितीबाईंनी उभं राहून सांगितलं की ती सूचना त्यांनी स्वतः टाइप केली होती, अक्षरं स्वतः पुसली होती आणि लिहिलेली वेळ शिक्क्याखाली झाकली गेली तीही त्यांच्याच हाताने. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात याची नोंद होणार हे त्यांना माहीत होतं. मग परीक्षा नियंत्रक बोलले. आपल्याला स्वतःला ती वेळ वाचता आली नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. निवृत्तीला आलेल्या माणसाला तसं सांगणं सोपं नसतं, असं माहितीबाई म्हणाल्या.

अर्ज त्याच कारणासह मंजूर झाला. नियमात एक वाक्य वाढलं. सूचना सर्व संबंधितांना वाचता किंवा ऐकता येईल अशा स्वरूपात दिलेली असेल, तरच ती मिळाली असे मानण्यात येईल.

तिच्या पुनर्परीक्षेची सूचना नव्या पद्धतीने निघालेली पहिली सूचना ठरली. ती मेसमध्ये जेवत असताना फोन वाजला. आजूबाजूला ताटांचा खणखणाट चालू होता. तिने फोन कानाला लावला आणि जेवण थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. विषय, तारीख, स्थळ, वेळ. वेळ सकाळची होती. मग तिने माहितीबाईंना फोन केला.

“आली का?” माहितीबाईंनी विचारलं. त्या वाट बघतच होत्या.

“आली. पण मॅडम, ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते’ हे दोनदा आलंय. आणि संबंधित मी एकटीच आहे.”

माहितीबाई हसल्या आणि म्हणाल्या की दुरुस्त करते. खरंच लगेच दुरुस्त करून पुन्हा पाठवली.

पेपर तिने दिला. चांगला गेला. त्या वर्षभरात तिने एका शाळेत शिकवायची नोकरी धरली, राहायला वसतिगृहाजवळच खोली घेतली आणि संशोधनासाठी पुन्हा अर्ज केला. अर्जाचं काय होतं ते अजून कळायचं आहे.

परीक्षेच्या सूचना आता पोचत होत्या. ग्रंथालयाच्या, बसच्या वेळापत्रकाच्या आणि विद्यापीठाच्या दवाखान्याच्या सूचना मात्र अजून चित्रंच होती. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी ती ग्रंथपालांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आतून कुणीतरी म्हणालं की साहेब कामात आहेत, किती वेळ लागेल सांगता येत नाही. तिने चाचपून बाक शोधला, काठी घडी करून मांडीवर ठेवली आणि सांगितलं की मी बसते.